मेहुण्याच्या हाती कॅमेरो

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोझली वॉयचिकचा डावा गुडघा बदलला. शुद्धीवर आल्यावर तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, तो दुखण्याबद्दल नव्हता.

"क्लच कधी दाबता येईल?"

डॉक्टर तरुण होते. क्लच म्हणजे गाडीतलाच ना, अशा अर्थाने त्यांनी नर्सकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहा आठवडे तरी नाही."

रोझलीने पांघरुणाखाली बोटं मोजली. दहा आठवडे म्हणजे सप्टेंबरचा मध्य. वुडवर्ड रस्त्यावरची हौशी गाडीवाल्यांची वार्षिक फेरी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. मोजणी पुन्हा एकदा करून पाहिली, पण ऑगस्ट काही सप्टेंबरनंतर येईना.

तिची लालभडक कॅमेरो नव्याण्णव सालची. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिने ती कोरी घेतली होती. एकतीस वर्षं तिने कारखान्यात गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली, आणि त्यातल्या दोन वर्षांचे सगळे शनिवार जास्तीचे भरून ही गाडी दारात आणली. नवरा तेव्हा नुकताच गेला होता, म्हणजे टॅम्पाला, एका दाताच्या डॉक्टरणीबरोबर. लग्न नऊ वर्षं टिकलं. गाडी पंचवीस वर्षं टिकून होती, आणि रोझलीच्या मते तिने एकदाही टॅम्पाचं नाव काढलं नव्हतं. नव्याण्णवपासून वुडवर्डचा एकही ऑगस्ट तिने चुकवला नव्हता. साथीच्या वर्षी फेरीच रद्द झाली, तरी ही आपली तोंडाला फडकं बांधून रिकाम्या रस्त्यावर वर-खाली करून आली होती.

आता प्रश्न होता चालवणार कोण. तिची धाकटी बहीण पॉलेट पलीकडच्याच गल्लीत राहायची, पण तिला गिअरची गाडी येत नव्हती. शेजारच्यांना येत नव्हती. पॉलेटचा मुलगा अॅरिझोनात, आणि त्याची गाडी विजेवर चालणारी. साऱ्या गोतावळ्यात क्लच दाबू शकणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे पॉलेटचा नवरा नॉर्बर्ट.

आणि नॉर्बर्ट मस्टँगवाला होता, म्हणजे कॅमेरोच्या पिढीजात वैऱ्यांतला.

त्याची पिवळी मस्टँग अठ्ठ्याण्णवची. तिच्यावर त्याचा जीव. त्याच्यासारख्या तीसेक जणांचा एक क्लब होता, आणि महिन्यातून दोनदा सगळे वुडवर्डवरच्या एका मफलरवाल्याच्या, म्हणजे गाड्यांचे सायलेन्सर बसवणाऱ्याच्या, आवारात जमून एकमेकांची बॉनेटं उघडून बघत. मस्टँग म्हणजे रानटी घोडा, म्हणून रोझली त्या क्लबला 'तबेला' म्हणायची. नॉर्बर्ट तिच्या गाडीला 'कॅनडावाली' म्हणायचा, कारण ती कॅमेरो खरोखरच सीमेपलीकडे, क्वेबेकमध्ये बनलेली होती. "माझी इथली, डिअरबॉर्नची. पंधरा-वीस मैलांवर जन्मली. तुझीला आधी पासपोर्ट काढून दे," हे वाक्य त्याने गेल्या पंचवीस वर्षांत नाताळच्या प्रत्येक जेवणात म्हटलं होतं. कॅमेरोत बसणं तर सोडाच, त्याने तिच्या दाराला हातही लावला नव्हता. एकदा बर्फात रोझलीची गाडी रुतली, तेव्हासुद्धा त्याने हातमोजे घालून मागून ढकलली होती.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पॉलेटकडे जेवण झालं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची दुसरी थाळी नॉर्बर्टच्या पोटात गेली, तेव्हा रोझलीने विषय काढला.

"मी?" नॉर्बर्टने काटा खाली ठेवला. "त्या कॅनडावालीत? वुडवर्डवर? दिवसाढवळ्या?"

"संध्याकाळी नेलीस तरी चालेल," रोझली म्हणाली, "पण सकाळी गर्दी बरी असते."

"रोझ, माणसं ओळखतात मला तिथे."

"म्हणूनच तर. ओळखीचा ड्रायव्हर बरा."

"मी तुला माझ्या गाडीतून नेतो की. पुढच्या सीटवर बस राणीसारखी."

"तुझ्या गाडीत बसायचं असतं तर मी गुडघ्याऐवजी डोकं बदलून घेतलं असतं."

पॉलेट इतका वेळ भांडी गोळा करत होती. तिने थाळ्या ओट्यावर ठेवल्या आणि नवऱ्याकडे वळली. "नॉर्ब, चालव."

"पण पॉलेट—"

"तू नाही चालवलीस तर ही स्वतः चालवणार. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मग टाके उसवणार, आणि ही परत आपल्या बाहेरच्या खोलीत, या खेपेला सहा आठवडे. सकाळ-संध्याकाळ."

नॉर्बर्टने ते सहा आठवडे डोळ्यांसमोर आणले असावेत, कारण तो पुढे फार वाद घालू शकला नाही. त्याने फक्त अटी घातल्या. टोपी आणि काळा चष्मा तो उतरवणार नाही. त्याला कुणी नावाने हाक मारायची नाही. आणि मफलरवाल्याच्या आवारावरून जाताना कॅमेरो आवारापासून लांब, डावीकडच्या लेनमध्ये राहील. मस्टँग तो शुक्रवारीच आवारात लावून ठेवणार होता, आणि क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे एल्डनला, सांगणार होता की शनिवारी सकाळी मेहुणीला व्यायामाला दवाखान्यात न्यायचंय, उशीर होईल.

"खोटं बोलणार?" रोझलीने विचारलं.

"मेहुणी खरी आहे, गुडघा खरा आहे. बाकी तपशील."

गुरुवारी सराव ठरला. रोझली काठी टेकत गॅरेजात आली, आणि गाडीच्या उजव्या, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या, दाराशी उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण या बाजूने कधी आत बसलोच नाही. दार हे एवढं लांब, सीट जमिनीला टेकलेली. आधी बसायचं की आधी पाय घालायचा, तेच ठरेना. शेवटी नॉर्बर्टने तिला पोत्यासारखी धरून खाली सोडली. मग तिचा नवा गुडघा कशालातरी अडला.

"हा उंचवटा कसला इथे?" पायाखाली गालिच्यात मोठं टेंगूळ होतं.

"आता मला काय विचारतेस? गाडी तुझी."

गाडी तिचीच होती. पंचवीस वर्षांत त्या सीटवर पॉलेट बसली, मैत्रिणी बसल्या, एकदा चर्चचे फादरही बसले, आणि प्रत्येकाने उतरताना सांगितलं होतं की बाई, इथे पाय ठेवायला जागा नाही. रोझलीने प्रत्येकाला सांगितलं होतं की तुमचेच पाय लांब आहेत. आता तिने उशी मागवून गुडघ्याखाली घेतली.

नॉर्बर्टने किल्ली फिरवली. इंजिन जड आवाजात जागं झालं आणि सगळी गाडी एकदा डावी-उजवी हलून स्थिर झाली. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याने आरसे नीट केले, गाडी हळूच गल्लीत काढली, पहिल्यात चालवली, आणि वेग पंधरा मैलांवर गेल्यावर दांडा दुसऱ्यात ओढला. दांडा दुसऱ्यात गेला नाही, तिरपा होऊन थेट चौथ्यात गेला. इंजिन घसा बसल्यासारखं घोगरलं आणि गाडी थरथरायला लागली.

"मोडली," नॉर्बर्ट म्हणाला. त्याला जरा बरंही वाटलेलं दिसलं.

"नाही मोडली. तू घाबरत चालवतोयस."

"मी बेचाळीस वर्षं गिअर टाकतोय."

"टाक की. पण हिला पहिल्यात हळूहळू चालवलंस ना, की ती दुसरा-तिसरा बंद करून तुला चौथ्यात ढकलते. पेट्रोल वाचावं म्हणून तशीच बनवलीये. बाकी सगळे ते काढून टाकतात. मी नाही काढलं."

"का?"

"हिला हळू चालवायची वेळच येत नाही माझ्यावर. दाब थोडी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हे तुला आधी माहीत होतं."

"पंचवीस वर्षांपासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुझं तोंड बघायचं होतं."

नॉर्बर्ट कोपऱ्यावर थांबला, पुन्हा निघाला, आणि यावेळी त्याने पाय जरा जोरात टाकला. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. गल्लीतल्या दोन घरांचे पडदे हलले. तीन गल्ल्यांचा सराव सांगून तो तिला अकरा गल्ल्या फिरवून घरी घेऊन आला.

शनिवारी सकाळी आठला निघाले. छताची दोन्ही काचेची तावदानं रोझलीने काढायला लावून डिकीत ठेवली. नॉर्बर्टने विरोध केला होता, वरून लोक बघतात म्हणून. रोझली म्हणाली, "बघायलाच आलेत ते." त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली, काळा चष्मा लावला, आणि वर कॉलरही उभी केली. ऐन ऑगस्टात.

वुडवर्डवर दुतर्फा घडीच्या खुर्च्या लागल्या होत्या. काही लोक पहाटेपासून जागा धरून बसले होते, शीतपेट्या पायाशी घेऊन. चारी लेन गाड्यांनी गच्च, आणि वेग पायी चालणाऱ्याचा. रोझलीला हा रस्ता पाठ होता, पण आज तो वेगळाच वाटत होता. दर वर्षी तिचे डोळे पुढच्या गाडीच्या दिव्यांवर आणि समोरच्या मीटरांच्या काट्यांवर खिळलेले असत. आज हातांना काम नव्हतं. तिने पहिल्यांदाच लोकांची तोंडं पाहिली. एक म्हातारी सॉसेज खाता खाता थांबून तिच्या गाडीकडे बघत होती. दोन पोरी बॉनेटवरच्या हवेच्या भोकांकडे बोट दाखवत होत्या. मग नजर आत आली तेव्हा तिला दिसलं की ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड तिच्याच बसण्या-उतरण्याने झिजून मऊ पडलीये. एकतीस वर्षं शिवणीवर नजर ठेवून पोट भरलेली बाई, आणि ही शिवण तिने कधी पाहिली नव्हती, कारण ती कायम तिच्यावरच बसलेली असायची.

शेजारच्या लेनमध्ये सहासष्ट सालची एक उघडी गाडी आली, क्रोम चकाकत होतं. तिचा मालक पांढऱ्या मिशांचा होता. त्याने कॅमेरोकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छान ठेवलीये," तो नॉर्बर्टला म्हणाला. "अजून पंचवीस वर्षं ठेवा. मग जुनी म्हणू."

नॉर्बर्टने मान फिरवली नाही, पण रोझलीला त्याचा कान लाल झालेला दिसला. पुढच्या सिग्नलला दुसऱ्या बाजूला एक कोरी गाडी उभी राहिली, आवाजच नसलेली. तिच्यातला तरुण म्हणाला, "काका, ही जुनी धूडं किती पेट्रोल पितात हो?"

सिग्नल सुटला. "ऐकलंस?" नॉर्बर्ट पुटपुटला. "एकाला लहान वाटते, दुसऱ्याला म्हातारी."

"तुझीलाही तेच म्हणतात."

"तेच म्हणतोय मी. धड ना इकडचे, धड ना तिकडचे. माझीला तर गेल्या वर्षी एकाने विचारलं, कामावर जायची गाडी घेऊन आलात का. तीनशे घोडे आहेत बॉनेटखाली, कामावर जायची गाडी म्हणे."

"तीनशे पाच," रोझली म्हणाली.

नॉर्बर्टने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"मोजले होते मी," ती म्हणाली. "माझे पंधरा जास्त आहेत, म्हणून लक्षात राहिलं."

डॉक्टरांनी बजावलं होतं की दर अर्ध्या तासाने उतरून चार पावलं टाकायची. पहिल्या अर्ध्या तासाला ते एका चर्चच्या आवारात थांबले होते. दुसरा अर्धा तास संपला तेव्हा गाडी अशा जागी अडकली होती की पुढेमागे काही हलत नव्हतं. रोझलीचा गुडघा ठणकायला लागला. उशी सरकवून पाहिली, सीट मागे ढकलून पाहिली. टेंगूळ जागच्या जागी होतं.

"नॉर्ब, मला उतरायला हवं."

"पाच मिनिटं थांब."

"पाच मिनिटं मघाशी झाली."

नॉर्बर्टने उजवीकडे पाहिलं, आणि त्याचा पाय क्लचवर तसाच राहिला. उजवीकडे मफलरवाल्याचं आवार होतं. तीस मस्टँग ओळीने उभ्या, मधोमध त्याचीच पिवळी, आणि तिच्या बॉनेटला टेकून एल्डन कागदी थाळीतून काहीतरी खात होता. आतापर्यंत डावी लेन सांभाळलेली, पण वाहतूक पोलिसाने मागच्या चौकात सगळ्यांना उजवीकडे सारलं होतं.

"इथे नको," नॉर्बर्ट हलकेच म्हणाला. "रोझ, कुठेही, पण इथे नको. पुढे तो डोनटवाला आहे—"

रोझलीला चिडवायचं होतं. पण गुडघ्यातून अशी कळ आली की तिचा हात आपोआप दाराच्या दांडीवर गेला आणि तोंडातून नुसता श्वास निघाला. नॉर्बर्टने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने उजवा दिवा लावला आणि कॅमेरो थेट तबेल्यात घातली.

एल्डन निवृत्त पोस्टमन, सहा फूट तीन इंच. लाल कॅमेरो आपल्या ओळीपुढे येऊन उभी राहिलेली पाहून तो थाळी घेऊनच पुढे आला. "मित्रा, रस्ता चुकलात. तुमचे लोक दोन मैल पुढे—" बोलता बोलता तो खाली वाकला आणि टोपीखाली डोकावला. बराच वेळ डोकावत राहिला.

"दवाखाना इकडे हलवला का रे, नॉर्बर्ट?"

"आधी हिला बाहेर काढ," नॉर्बर्ट म्हणाला. "मग काय बोलायचं ते बोल."

एल्डनने एक हात धरला, नॉर्बर्टने दुसरा, तिसऱ्याने काठी. लांब दार शेजारच्या मस्टँगला लागू नये म्हणून चौथा मध्ये आडवा उभा राहिला. रोझली बाहेर आली, गाडीच्या छताच्या कडेला धरून उभी राहिली आणि चार पावलं टाकली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी थंडगार जिंजर एल. कळ ओसरल्यावर तिने वर पाहिलं तर अख्खा तबेला गोल करून उभा होता, आणि नॉर्बर्ट मधोमध टोपी हातात घेऊन.

"पंचवीस वर्षं," एल्डन म्हणत होता, "पंचवीस वर्षं या माणसाने आम्हाला कॅनडावालीचे किस्से सांगितले. आणि आज तिच्यातून टोपी घालून फिरतोय. पॉलेटला माहीत आहे?"

"पॉलेटनेच पाठवलंय," रोझली खुर्चीतून म्हणाली. "आणि त्याला हसू नका. गाडी चांगली चालवतो. पहिल्या दिवशी चौथ्यात गेला होता, पण शिकला."

मग जे हसू फुटलं ते थांबेपर्यंत नॉर्बर्टने एल्डनची थाळी घेतली आणि तिच्यातली कोनी, म्हणजे पावात घातलेलं सॉसेज, संपवून टाकली. मोहरीची पिवळी चटणी त्याच्या कॉलरला लागली, तरी कॉलर त्याने खाली घेतली नाही.

पण हसून झाल्यावर माणसं पांगली नाहीत. एकाने विचारलं, बॉनेट उघडू का. दुसरा पालथा पडून खालून बघायला लागला. इंजिन मूळचं का, रंग मूळचा का, तो चौथ्यात ढकलणारा खटका खरंच अजून काढला नाही का. रोझली खुर्चीतून एकेकाला उत्तरं देत होती आणि मध्ये मध्ये नॉर्बर्टच उत्तर देऊन मोकळा होत होता. "काढला नाही," तो एकाला सांगत होता, "गरजच नाही. नीट पाय टाकला की दुसरा मस्त पडतो. घाबरत चालवायची गाडीच नाही ही." रोझलीने जिंजर एलचा घोट घेतला आणि त्याला टोकलं नाही.

निघताना एल्डनने तिच्या दाराशी वाकून विचारलं, "परत जाताना याला इथेच ठेवून घेऊ? मी चालवतो."

"नको," नॉर्बर्ट तिच्या आधी म्हणाला.

परतीला रोझलीनेच सांगितलं की वुडवर्ड सोड, हायवे घे. हायवेवर चढताना पुढे दोन लेन मोकळ्या होत्या.

"दाब," ती म्हणाली.

त्याने दाबली. दुसरा, तिसरा. छताच्या भोकातून वारा घोंघावत आत आला, रोझलीचे पांढरे केस सगळे वर गेले आणि नॉर्बर्टची टोपी मागच्या काचेवर जाऊन आदळली. मग वेग नियमात आला. नंतर नॉर्बर्टने घसा खाकरला.

"कॅनडातले लोक," तो म्हणाला, "मेहनती असतात."

घरी पॉलेटने कशी झाली म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, ठीक झाली, गर्दी फार होती. आणि मोहरीचा डाग धुवायला निघून गेला.

मंगळवारी सकाळी रोझली व्हरांड्यात पाय स्टुलावर ठेवून कॉफी पीत होती. नॉर्बर्ट फाटकातून आत आला, हातमोजे नव्हते.

"मी म्हटलं, गाडी नुसती उभी आहे," तो म्हणाला. "बॅटरी उतरेल. आठवड्यातून दोन-तीनदा इंजिन गरम व्हायला पाहिजे."

"खरंय," रोझली म्हणाली.

"मला काय, सकाळी मोकळाच असतो मी."

"किल्ली खुंटीवर आहे."

बॅटरीला चार्जर लावलेला होता. तो ती दर वेळी लावतच असे, पंचवीस वर्षं. नॉर्बर्ट आत जाऊन किल्ली शोधेपर्यंत ती काठी टेकत गॅरेजात गेली, चार्जर काढला, जुन्या टॉवेलखाली सारला आणि परत येऊन खुर्चीत बसली.

गाडी गल्लीतून गेली आणि मोठ्या रस्त्याला वळली. रोझली कॉफी पीत राहिली. दहा-बारा मिनिटांनी दूरवरून, शाळेच्या मागून कुठूनतरी तो आवाज यायला लागला. आधी नुसती घरघर, मग वळणावर थोडी ओसरलेली, मग दुसऱ्या गिअरात भरून आलेली. तिने कप खाली ठेवला. ती कायम आतच असायची, त्यामुळे आपली गाडी येताना बाहेरून कशी ऐकू येते हे तिला माहीत नव्हतं. आवाज चौकापर्यंत आला, घराच्या दिशेने वळेल असं वाटलं, आणि मग सरळ पुढे निघून गेला. नॉर्बर्ट आणखी एक चक्कर घेत होता.

डॉक्टरांनी सप्टेंबरच्या मध्यावर परवानगी दिली. रोझलीने ही बातमी नॉर्बर्टला ऑक्टोबर लागल्यावर सांगितली.